काचेमागची खोली

माफ करा, मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आणि जे सांगणार आहे त्यात मी काही चांगला दिसत नाही. तरी सांगतो.

आईने फोनला हात लावण्याआधी बोटं पदराला पुसली. काचेमागे सगळे हसले. मीही हसलो.

लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये ती सॉफ्टवेअर कंपनी. मी तिथे इंटर्न होतो, पुढे नोकरी मिळणार होती. पैसे पाठवायचं एक ॲप बनत होतं, मराठी बोलणारं. ते साध्या माणसाला जमतं का, हे बघायची एक पद्धत होती. माणसाला खोलीत बसवायचं, फोन द्यायचा. भिंतीत मोठा आरसा. आरशामागच्या खोलीत दिवा बंद करून, रेकॉर्डिंग चालू ठेवून आम्ही. आम्हाला तो माणूस दिसायचा, स्पीकरवर ऐकू यायचा. त्याला फक्त स्वतःचं तोंड.

आमच्या टीमच्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या चाळीतलं कुणीतरी आण. अगदी अस्सल."

मी आईला आणलं. ती करी रोडला एका खानावळीत पोळ्या लाटते. वाटेत तिला सांगितलं, "तिथे मला ओळख दाखवू नको." ती म्हणाली, "बरं." का, ते विचारलं नाही. ऑफिसात सांगितलं, शेजारच्या काकू आहेत.

ठेवणीतली साडी नेसून ती बसली होती. ॲप म्हणालं, "नमस्कार." आईने फोन मांडीवर ठेवला, हात जोडले. "नमस्कार."

"अभी आरती उतारेगी," माझ्या बाजूचा म्हणाला.

मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सोन्यासारखी यूजर आणलीस रे."

ती थाप मला आवडली. आज किळस येते. पण तेव्हा आवडली.

मग खोलीत आईसमोर बसलेल्या, टेस्ट घेणाऱ्या मुलीने फॉर्म भरता भरता विचारलं, "मावशी, मुलं किती?"

आई थांबली. आरशाकडे बघितलं. म्हणाली, "मुलं नाहीत."

माझं खोटं सांभाळायला तिने मलाच पुसून टाकलं.

मी उठलो आणि दिवा लावला. त्या काचेचं तसंच असतं, मागे उजेड झाला की आरपार दिसतं. आईला आम्ही दिसलो. सहा जण. एकाच्या तोंडात अर्धा सामोसा.

"ती माझी आई आहे," मी म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, "अरे, मग आधी नाही का सांगायचं? अख्खी टेस्ट वाया घालवलीस."

वाया. एवढंच.

मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि आईला घेऊन खाली उतरलो. पुन्हा गेलो नाही. आईचं हात जोडतानाचं रेकॉर्डिंग अजून त्यांच्याकडे आहे. ते पुसा, असं तीनदा मेल केलं. उत्तर नाही.

आईने त्या दिवसाबद्दल कधी काही काढलं नाही. परवा कणीक मळताना एकदम म्हणाली, "ती भिंत पातळ होती रे. तुम्ही हसत होतात ते पहिल्यापासून ऐकू येत होतं."

"माझं पण?"

"तुझं पण. तुझं मला ओळखू येतं."

"मग उठून का नाही आलीस?"

"तुझी नोकरी होती ना."

चौथं मेल तिथेच, तिच्यासमोर बसून लिहिलं. कोण कोण हसलं त्यांची नावं त्यात घातली. पहिलं माझं. ते रेकॉर्डिंग पुसलं जाईपर्यंत लिहीत राहणार आहे.