डॉन एलिसेओंनी उतरवलेला पिचर

डॉन एलिसेओंना उद्या काढून टाकतील, ही भीती काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. आणि काढलं, तर ते माझ्या मुलापायी.

एलिसेओ फेलिस आमच्या बाराओना गावातलेच; मानाने सगळे त्यांना डॉन म्हणतात. वीस वर्षं साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करायचे आणि सुटीच्या दिवशी कारखान्याचा संघ सांभाळायचे. मोठ्या लीगमध्ये स्वतः कधी खेळले नाहीत. नोव्हेंबरात आमचा व्यावसायिक बेसबॉल संघ तळाला गेला, मॅनेजर व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा मालकाने नाइलाजाने त्यांना बोलावलं. पहिल्याच दिवशी त्यांनी उशिरा आलेल्या बाल्तासारला, संघातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूला, बाकावर बसवलं. मालकाचा फोन वाजत राहिला. नऊ डाव संपेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही. तो सामना आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी मात्र बाल्तासार सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. पुढच्या चौदांपैकी अकरा सामने जिंकलो.

जिंकलो की ते पत्रकारांपुढे खेळाडूला ढकलायचे. हरलो की स्वतः उभे राहून म्हणायचे, चूक माझी. ते ऐकून मुलांना इतकी लाज वाटायची की दुसऱ्या दिवशी जीव तोडून खेळायची.

रविवारी चेंडू टाकणारा पिचर माझा मुलगा रादामेस होता. सहा डावांत समोरच्या एकालाही त्याचा चेंडू टोलवून पहिल्या बेसपर्यंत पोचता आलं नव्हतं; आणखी तीन डाव तसेच गेले असते तर मोठा विक्रम झाला असता. सातव्या डावात डॉन एलिसेओ शांतपणे चालत गेले आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. लोकांनी बाटल्या फेकल्या. सामना गेला. तेव्हापासून रेडिओवर एकच चाललंय: म्हातारा भित्रा आहे. मालकाने बजावलंय, उद्या दुपारपर्यंत जाहीर माफी मागा, नाहीतर घरी बसा.

खरं काय ते मला काल कळलं. रादामेस नाश्त्याला कुस्करलेल्या केळ्यांचा मांगू डाव्या हाताने खात होता. मी उजव्या कोपराला हात लावला तर कळवळला. मग त्यानेच सांगितलं: सामन्यात तो पाण्याची बाटलीही डाव्या हाताने उचलत होता, आणि ते एकट्या डॉन एलिसेओंच्या लक्षात आलं. पण अमेरिकेतल्या एका संघाची माणसं त्याला करार द्यायला आली आहेत. दुखरा कोपर कळला तर निघून जातील. म्हणून डॉन एलिसेओ गप्प.

आज सकाळी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, बोला आता. ते अंगणात बूट घासत होते. मी शाळेत शिकवते, म्हणून सगळ्यांसारखेच तेही मला प्रोफे म्हणतात.

"प्रोफे," ते म्हणाले, "तुम्ही नापास पोराचा पेपर शाळेच्या भिंतीवर लावता का?"

"आणि तुमची नोकरी?"

"उसाची गाडी काय, अजूनही मोजता येते मला."

घरी येऊन रादामेसला सांगितलं की मी रेडिओवर बोलणार आहे.

"आई, मग मला कुणी घेणार नाही."

"कोपर तुटल्यावर कोण घेणार होतं? ज्याने तो वाचवला त्याला भित्रा म्हणताना ऐकत बसायचं?"

तो म्हणाला, "बाल्तासार म्हणतो, ते गेले तर आम्ही कुणीच उतरणार नाही. मला त्याच्याकडे बघवत नाही." मग म्हणाला, "सांग. पण दुखणं मी लपवलं, हेही सांग."

करार हातचा जाईल, हे मला कळतं. जाऊ दे. माफी मागायचीच असेल तर ज्यांनी बाटल्या फेकल्या त्यांनी मागावी. सकाळी सहाला रेडिओवाले लोकांचे फोन घ्यायला लागतात. उद्या पहिला फोन माझा असेल, आणि नाव विचारलं तर पूर्ण नाव सांगेन.