घुबडरावांच्या पापण्या

सफरचंदांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्यांना घुबडराव म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि त्यांनी कधी हरकत घेतली नाही. बावीस वर्षं ते तिथे माल तपासत होते. कानटोपी, मफलर आणि अस्तर लावलेला जाड कोट अशा थाटात, हातात बॅटरी घेऊन ते त्या गारठलेल्या खोलीत शिरायचे आणि छतापर्यंत रचलेल्या क्रेटमध्ये कुठे एक फळ नासायला लागलंय, ते दोन मिनिटांत सांगायचे. डोळे टक्क उघडे. हमाल म्हणत की यांच्यासमोर सफरचंदाचीसुद्धा सडायची हिंमत होत नाही.

घरी मात्र हाच माणूस संध्याकाळचे सात वाजले की पेंगायला लागायचा.

मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात दोघंच. बायको दिवसभराचं साठवलेलं बोलायला समोर बसली की आधी त्यांची डावी पापणी उतरायची, मग उजवी. झोप आली का, विचारलं तर नाही म्हणायचे. आणि खरोखरच झोपत नसत. उरलेल्या फटीतून दिसावं म्हणून मान मागे टाकून, नाक वर करून तिच्याकडे बघत बसत. नवऱ्याने असं नाक वर करून ऐकलेलं कुठल्या बाईला आवडेल? जेवणाचीही तीच कथा. पहिले चार-पाच घास नीट जायचे, पुढचा घास तोंडातच घोळत राहायचा. मग हनुवटीला हाताचा टेकू देऊन चावायचे. ताट अर्धं राहायचं. वर्षभर हे चाललं होतं. आधी तिने मीठ कमी करून बघितलं, मग वाढवून बघितलं, आणि शेवटी स्वयंपाकाचा यात काही दोष नाही, अशा निर्णयाला आली.

एकदा विसरलेला डबा द्यायच्या निमित्ताने ती कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. डबा तिनेच त्यांच्या पिशवीतून काढून ठेवला होता. दाराच्या काचेतून पाहिलं तर हे महाशय आत एका हमालाशी हसून बोलतायत, आणि डोळे बशीएवढे. तिने डबा पहारेकऱ्याकडे दिला आणि घरी आली. तीन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "तिथे उघडतात. माझ्यासमोर आले की मिटतात."

"मुद्दाम नाही गं करत," ते म्हणाले. पण तोवर साडेसात झाले होते, आणि संध्याकाळी त्यांचा आवाज नाकातून यायचा. ते वाक्य तिला चक्क वेडावल्यासारखं वाटलं.

पुढच्याच महिन्यात मालकांनी त्यांना बढती दिली. मालक तरुण होते, वडिलांच्या जागी नुकतेच बसलेले. एवढ्या जुन्या माणसाने गारठ्यात उभं राहावं हे त्यांना बरं दिसेना. तेव्हा घुबडरावांना पुढच्या ऑफिसात टेबल मिळालं, गादीची खुर्ची मिळाली, पायाशी हीटर मिळाला. बायकोने चार शर्टांना कडक इस्त्री केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला एक मोठा बागायतदार समोर बसलेला असताना घुबडरावांच्या पापण्या खाली आल्या. जीभ जड झाली. सावरायला म्हणून चहाचा घोट घेतला, तो नाकातून बाहेर आला. मालकांनी जवळ येऊन वास घेतला. वास चहाचा होता. मालकांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की मुरलेल्या माणसाचा वास येत नाही. बागायतदार गेल्यावर त्यांनी एक कागद लिहून पुढे केला : मी दारू सोडत आहे. घुबडरावांनी सही केली. मालकांनी त्यांना पंधरा दिवस घरी बसायला सांगितलं. सुधारला असाल तर या, नाहीतर येऊ नका.

बायकोने गेल्या वर्षभरात या माणसावर नाही नाही ते संशय घेतले होते, पण हा नव्हता घेतला. हा गृहस्थ खोकल्याच्या औषधाचाही वास घेऊन बाटली परत ठेवायचा. तिकडे हमालांच्या खोलीत बातमी पोचून तिला पायही फुटले होते. घुबड दिवसा का पेंगतं, ते म्हणे आता कळलं.

"अहो, पण सही का केलीत?"

त्यांनी हनुवटीला हात लावला. "नाही म्हणायला तोंड चाललं नाही," म्हणाले.

तिने इस्त्रीचा उरलेला चौथा शर्ट कपाटात ठेवून दिला.

घरी बसल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी ते अर्धवट मिटल्या डोळ्यांनी चालत कपाटाच्या उघड्या दारावर आपटले. भुवईवर टेंगूळ आलं. तिने रुमालात बर्फ बांधून डाव्या डोळ्यावर दाबून धरला आणि तोंडाने कपाट, कपाटाचं दार आणि ते दार बघून न चालणारी माणसं, या तिघांचा उद्धार केला. दोन-तीन मिनिटांनी रुमाल काढला तर डावा डोळा टक्क उघडा. उजवा तसाच अर्धा. ती बघतच राहिली. मग तिने उजव्या डोळ्यावर बर्फ धरला. तोही उघडला. थोड्या वेळात दोन्ही पापण्या पुन्हा उतरल्या.

दुसऱ्या संध्याकाळी तिने मुद्दाम घड्याळ घेऊन तेच केलं, तिसऱ्याही. कोणता डोळा, किती मिनिटं, कधी उघडला, कधी मिटला, हे कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून काढलं. घुबडराव निमूटपणे डोळे पुढे करत होते. गारठ्यात उघडतात, ऊब मिळाली की मिटतात, एवढं तिला कळलं. आपल्यासमोर आले म्हणून मिटत नव्हते, हेही कळलं. ते लिहिलं मात्र नाही.

मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंसमोर तिने कॅलेंडर ठेवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कपाटाने," ती म्हणाली.

बाईंनी त्यांना छताकडे एकटक बघायला लावलं, हात पुढे धरून ठेवायला लावलं, रक्त घेतलं. आठवड्याने रिपोर्ट आल्यावर समजावून सांगितलं. मेंदूचा हुकूम तारेतून येतो तसा नसेच्या टोकापर्यंत येतो. तिथे नस संपते आणि स्नायूच्या आधी एक बारीकशी फट असते. ती ओलांडायला नस एक रसायन सोडते. स्नायूच्या पेशीवर ते धरून घेणाऱ्या जागा असतात. रसायन तिथे टेकलं की पेशीला हुकूम कळतो आणि स्नायू आखडतो. यांच्या बाबतीत नस ठीक आहे, रसायन ठीक आहे, स्नायूही ठणठणीत. पण अंगातल्या, एरवी रोगांशी लढणाऱ्या राखणदारांनी त्या धरून घेणाऱ्या जागाच परक्या समजून अडवल्या आहेत, काही मोडल्याही आहेत. सकाळी रसायन भरपूर सुटतं, म्हणून उरलेल्या जागांवर भागतं. दिवसभर वापरून ते कमी पडायला लागलं की आधी पापण्या जातात, मग जबडा, मग जीभ.

बायको डॉक्टरांकडे बघत होती आणि मान डोलवत होती. तिला यातलं निम्मं कळलं होतं. घुबडराव म्हणाले, "म्हणजे पावडरच की."

दोघी त्यांच्याकडे वळल्या. मग त्यांनी, मध्ये दोनदा थांबून, सांगितलं. पिकलेलं सफरचंद एक वायू सोडतं. तो शेजारच्या फळाला लागला की तेही पिकायला लागतं, मग त्याच्या शेजारचं. म्हणून माल भरला की खोली बंद करून एका पावडरीची वाफ सोडतात. ती वाफ फळाच्या आत, तो वायू जिथे टेकतो त्याच जागा अडवून बसते. मग शेजारचं कितीही बोंबललं तरी फळ ढिम्म. महिनोन् महिने कडक राहतं. "मी हजारो टन मालाला हेच केलंय," ते म्हणाले. "फळांनी कधी तक्रार केली नाही."

डॉक्टरीणबाईंनी एक कागद ओढून घेऊन पावडरीचं नाव लिहून घेतलं. मग गोळ्यांकडे वळल्या. एकदा पोचलेलं रसायन लगेच झाडून टाकणारा एक पदार्थ त्या फटीत असतो. गारठ्यात तो मंदावतो, गोळीनेही मंदावतो. निरोप जरा जास्त वेळ रेंगाळतो आणि ज्या थोड्या जागा मोकळ्या आहेत, त्यांना पुन्हा पुन्हा सापडतो.

"म्हणजे ऐकणारं वाढत नाही, सांगणंच लांबवायचं," बायको म्हणाली.

"सध्या तरी तसंच."

"ते मी करतेच."

राखणदारांना आवरायचं औषध वेगळं होतं आणि त्याला काही महिने लागणार होते. या राखणदारांना घडवणारी एक ग्रंथी छातीत असते, म्हणून छातीचा स्कॅनही करायचा होता. पण पंधरावा दिवस आला तेव्हा घुबडराव गोळी घेऊन, वेळ साधून, बायकोला बरोबर घेऊन गेले आणि मालकांसमोर पंचवीस मिनिटं सलग बोलले. मालकांना आधी काही उमगलं नाही. पावडरीवर गाडी आल्याबरोबर लख्ख कळलं. धंदाच तो होता. मालक म्हणाले की झालं गेलं विसरून जा, उद्यापासून या, ऑफिसात नको तर आत खोलीत या, ओझं तेवढं उचलू नका.

घुबडराव उठायला लागले. बायको उठली नाही.

"तो कागद द्या," ती म्हणाली.

मालक म्हणाले की तो फाइलला लागलाय, पानांवर नंबर पडलेत, एकदा लागलेला कागद काढता येत नाही. ती म्हणाली की मग काढू नका, खाली लिहा. काय लिहू, असं मालकांनी विचारलं. तिने सांगितलं, आणि मालकांनी त्या सहीच्या खाली लिहिलं : सदर कर्मचाऱ्याने दारू कधी सुरू केलीच नव्हती, माझी समजूत चुकली. तिने दोनदा वाचलं. तारीख राहिली होती, ती घालायला लावली. मग शिक्का मारायला लावला.

"आता याच्या दोन झेरॉक्स द्या."

"दोन कशाला, वहिनी?"

"एक घरी ठेवायला," ती म्हणाली, "आणि एक हमालांच्या खोलीत लावायला. खिळा असेलच तुमच्याकडे."

खिळा होता. घुबडरावांनी खुर्ची आणली, तिने कागद लावला.