खोऱ्यातली चूल

पोहरादेवीच्या चैत्रातल्या जत्रेला आम्ही बैलगाडीनं जायचो, तेव्हा वाटेत डोंगराच्या खोऱ्यात मुक्काम पडे. दोन्हीकडे काळे उभे कडे आणि मधे कोरडी नदी. लहानपणी ते कडे बघता बघता माझी मान दुखून यायची.

एका वर्षी शेजारीच एक म्हातारी बंजारीण उतरली होती. तिच्या दंडभर पांढऱ्या बांगड्या होत्या, आणि ती चालली की सारं खोरं किणकिणायचं. सकाळी निघताना आईनं चुलीचे तिन्ही दगड पायानं उधळले, आपल्या चुलीवर परक्यानं रांधू नये म्हणून. म्हातारी तरातरा आली.

"काहून मोडून राह्यली वं बाई? मांगून कोणी लेकरं घेऊन येईन, त्याले लागन ना!"

"आमची चूल हाय ते," आई फणकारली.

"तुही कायची? काल तुले मांडलेलीच भेटली ना?"

ते खरंच होतं. म्हातारीनं उकिडवं बसून दगड पुन्हा मांडले, आत काटक्या सारल्या आणि दगडाला लावलेला हात कपाळाला लावला.

"माही आजी इथंच रांधे. बैलांवर मिठाच्या गोण्या लादून येत आमचे लोकं."

गाडी घाट चढली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. कोवळ्या उन्हात नदीच्या काठानं, पार कड्याच्या पायथ्यापर्यंत, काजळलेल्या दगडांच्या चुलीच चुली मांडलेल्या होत्या. एवढी माणसं इथं जेवून गेली होती!

परतताना त्याच खोऱ्यातून निघायच्या आधी आईनं चूल न मोडता तिच्यात काटक्या ठेवल्या. कोणी बघत नाही ना, हे मात्र आधी पाहून घेतलं.