शॉवरखालचा रेनकोट

दोह्यातल्या अल मन्सूरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ बंदरावर कामाला आहेत. मूळचे रत्नागिरीचे. कुणी काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत, पण तपासून दाखवल्याशिवाय देत नाहीत. शिडी दिली तर आधी स्वतः चढतात. मिक्सर आमच्याच ओट्यावर फिरवून बघतात आणि मग इथल्या अरबीत म्हणतात, "खलास, झालं! आता तुमचा." असा शेजार मिळाला, हे आमचं नशीब.

ईदच्या सुट्टीत मुलांना हॉलंडमधली जुनी गावं दाखवायची होती. व्होलेंडामचं बंदर, एडामचे कालवे, पवनचक्क्या. तिथलं तापमान, पावसाचे दिवस, सगळे आकडे मी बायकोपुढे मांडले, पण तिची भीती जाईना. धाकट्याला दमा आहे आणि दोह्यात वाढलेला हा मुलगा पावसात कधी धड भिजलेलाच नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं, तरी ती तिकिटं काढू देईना.

हे कळल्यावर वरचे शेजारी आपल्या मुलाचा रेनकोट घेऊन खाली आले. धाकट्याला घातला, टोपीची नाडी आवळली आणि त्याला थेट आमच्या शॉवरखाली उभं केलं.

"अहो, काय करताय!" बायको ओरडली.

"वहिनी, रत्नागिरीचा पाऊस झेललाय या रेनकोटानं. तरी तुम्ही बघून घ्या."

"अंकल, मोअर!" धाकटा आतून ओरडला.

बऱ्याच वेळानं त्यांनी नळ बंद केला. बायकोनं रेनकोट काढून धाकट्याच्या बनियनवरून, पाठीवरून, काखेतून हात फिरवला.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तिकिटं काढा."