डिकीत अडकलेली बॅटरी

लिफ्टवाल्या काकांना घरात सगळे ‘आधीच’ म्हणत, आणि खोटं कशाला बोला, नाव अगदी शोभायचं. नळाचा वायसर गळायच्या आधी बदलायचा, बुटाचा तळ उसवायच्या आधी शिवून घ्यायचा. उभी हयात लिफ्टच्या देखभालीत गेलेली. झिजलेला दोर वेळेत बदलला नाही तर काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली आणि काकांनी आपल्या इलेक्ट्रिक गाडीवर नजर रोखली. मोठी बॅटरी भरलेली होती, पण गाडीला जागं करणारी छोटी बॅटरी थकली होती. ती बसली की मोठीत कितीही वीज असो, गाडी जागची हलत नाही. ऐन वेळी तिने दगा दिला तर लेकीला दवाखान्यात न्यायचं कसं?

“अहो, चालतेय ना गाडी? मग कशाला तिच्या मागे लागलात?” काकू म्हणाल्या.

“आई, बाबांना वेळेवर झालेलं कुठे चालतं?” लेक हसली. “अजून दोन आठवडे आहेत हो बाबा!”

काका नवी बॅटरी डिकीत टाकून घेऊन आले. खाली गाडीपाशी बॉनेट उघडलं आणि लिफ्टच्या कामातली सवय हातांनी आपणहून पाळली: आधी सगळे दरवाजे बंद, मग वीज तोडायची. चारी दारं लावली, डिकी लावली, जुनी बॅटरी काढून बाजूला ठेवली. मग नवी घ्यायला मागे गेले, तर डिकी काही उघडेना. उघडणार कशी? ती विजेवर उघडते. आणि नवी बॅटरी आत!

कपाळावर हात मारून ते उभे होते, तेवढ्यात वरून काकूंची हाक आली. “अहो, गाडी काढा! हिला कळा सुरू झाल्या!”

काकांनी एकदा वर पाहिलं, एकदा बंद डिकीकडे. पण हात शहाणे होते. त्यांनी जुनी बॅटरी परत बसवली, तारा आवळल्या. स्क्रीनवर बॅटरी संपत आल्याचा इशारा लुकलुकला, पण डिकी उघडली. तोवर लेक आईच्या खांद्याला धरून खाली आली. बाबांनी घामेजल्या चेहऱ्याने तिला झाला घोटाळा सांगितला.

“जन्मभर माणसं अडकू दिली नाहीत, आणि आज बॅटरी अडकवलीत?” कळ ओसरताच ती खो खो हसत सुटली. “नवी बसवा बाबा, मग निघू. मी थांबते. तुम्ही आहात ना, मला भीती नाही.”

या वेळी डिकी उघडीच ठेवून काकांनी नवी बसवली. गाडी क्षणात जागी झाली. सगळे दवाखान्याकडे निघाले.

संध्याकाळी नर्सने नात हातात दिली. चांगली ठणठणीत, गुलाबी, आणि आल्या आल्या जांभई देणारी.

“दोन आठवडे आधीच!” काकू म्हणाल्या. “कुणावर गेली ते सांगायलाच नको.”

काकांना इतका आनंद झाला होता की रडू आवरेना. डोळे पुसायला त्यांनी खिसे चाचपले. सगळ्याची तयारी आधी करून ठेवणारा हा माणूस रुमाल मात्र घरीच विसरला होता.