मोटर तिच्या हातात तापते

सल्ला देणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. बोटीच्या मोटरी दुरुस्त करायचं माझं दुकान धक्क्याला लागूनच. मोटर उघडली की चारजण भोवती उभे राहतात आणि आयुष्यात पाना न धरलेला माणूस मला म्हणतो, "पंप बघितलास का?" त्या दिवशी मात्र सगळ्यांचा एकच सल्ला होता. बाईमाणसाच्या हातात मोटर दिली की दुसरं काय होणार!

बाईमाणूस म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनी. नदीवरची नाव त्यांचा नवरा चालवायचा. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. दादा अंगाने असा आडवातिडवा, की नवखे प्रवासी त्याला बघून बिचकायचे. तोच त्यांना धीर द्यायचा, "बुडालो तर मला धरा, मी तरंगतो." मग पोटाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं आणि दादा घरी बसला. नाव वहिनींनी घेतली.

त्याआधी बरीच वर्षं वहिनी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्री करायच्या. त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथून घरी आल्या की बोलायचंही त्राण नसायचं. नावेवर आल्या आणि बाई बदलली. मोठ्याने हसायला लागली, प्रवाशांना दटावायला लागली. एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, आता संध्याकाळ झालेली मला दिसते." मला फार बरं वाटलं होतं.

आणि नेमकी आता मोटर तापायला लागली. नदीच्या मध्यावर मोटर तापल्याची शिटी वाजायची, मोटर बंद करावी लागायची आणि भरलेली नाव प्रवाहाबरोबर वाहवत जायची. लोक घाबरले. दादाने घरात बसून निकाल दिला, "नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या हातात कधी तापली नाही. या आठवड्यात सुधारली नाही तर नाव पुतण्याला देतो. तू आपली इस्त्रीवर जा."

वहिनी माझ्याकडे आल्या तेव्हा डोळे लाल होते. "मला सांगा, माझं काय चुकतं? धार मध्येच तुटते, ठसका लागल्यासारखी."

मोटर नदीचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते आणि त्यातलं थोडं बारीक धारेने बाहेर टाकते. धार तुटली की समजायचं, पाणी पुरत नाही. मी पंपाचा रबरी पंखा बदलला, थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारी झडप, गरम पाण्यात टाकून उघडतो का बघितला, पाण्याच्या वाटा साफ केल्या. पिंपात मोटर चालवली, तर धार अखंड. वहिनींना बाजूला बसवून मी स्वतः नाव पलीकडे नेऊन आणली. मोटर गार! दुसऱ्या दिवशी वहिनी प्रवासी घेऊन गेल्या आणि शिटी वाजली.

हे कळल्यावर दादा काठी टेकत धक्क्यावर आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. अंगातला सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "सरक," तो वहिनींना म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

प्रवासी पुढे बसले, वहिनीही त्यांच्यात. दादा मागे मोटरपाशी बसला. मी धक्क्यावरून बघत होतो. नाव थोडी पुढे गेली आणि माझ्या लक्षात आलं. नावेची मागची बाजू उचललेली होती. मोटरचा पाय जेमतेम पाण्यात. लाट खाली गेली की पाणी ओढायची भोकं उघडी पडत होती आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. मी चालवली तेव्हा माझी ढेरी मागे होती, म्हणून सगळं ठीक होतं.

शिटी वाजली. दादाने मोटर बंद केली. वहिनींनी वल्ही मारत नाव परत आणली, प्रवासी उतरले. दादा उठला नाही. तो मागे वाकून मोटरखालच्या जाड लाकडावरून हात फिरवत होता.

"हे मीच बसवलं होतं," तो म्हणाला. "माझ्या वजनाने मोटर फार खोल जायची, म्हणून वर घेतली." मग त्याने वहिनींकडे बोट केलं. "हिचा हात चांगला आहे रे."

वहिनी घाईघाईने म्हणाल्या, "राहू द्या ते लाकूड. मी मागे वाळूची पोती ठेवीन. तुमचं अंग भरेल परत."

"नाही भरणार. डॉक्टरांनी सांगितलंय मला." त्याने हे घरात सांगितलेलं नव्हतं, ते वहिनींच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "काढ ते. तुझ्या मापाने बसव."

मी पाना घेऊन पुढे झालो, तर म्हणाला, "तू नको. तिला काढू दे."

वहिनींनी पाना घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. बोल्ट गंजलेले होते, तरी एकेक करून सोडवले. मोटर उचलून धरायला दादा उभा राहिला. मोटर त्याला एकट्याला पेलत नव्हती. मी खालून, त्याला दिसणार नाही असा, हात लावला आणि भार त्यानेच पेललाय असं त्याला वाटू दिलं.