अर्ध्या मोजणीचा गुलाल

गोल्फ खेळून मी पोट भरतो, हे आमच्या घराण्यात अजून कुणाला नीट पटलेलं नाही. पाचोडच्या बाजारात कुणी विचारलं तर चुलते सांगतात, 'संभाजीनगरला असतो, कंपनीत.' कुठल्या कंपनीत हे ते सांगत नाहीत आणि लोकही पुढं विचारत नाहीत.

व्यावसायिक झाल्यापासून मी एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती. त्या वर्षी स्पर्धा आमच्याच शहरात आली. शुक्रवारी संध्याकाळी, चारपैकी दोन दिवस संपल्यावर, फळ्यावर माझं नाव सगळ्यात वर होतं. आघाडी एकाच फटक्याची, आणि मागं टपून बसलेली पोरं माझ्याहून तरुण आणि माझ्याहून लांब मारणारी. आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. वरणभात खायचा, कुणाशी बोलायचं नाही, लवकर झोपायचं, असं ठरवून मी औरंगपुऱ्यातल्या माझ्या गल्लीत शिरलो, तर समोर हलगी वाजत होती.

कुणाची तरी वरात असेल म्हणून मी स्कूटर बाजूला घेतली. वरात माझीच निघाली.

झालं होतं असं, की दुपारी मी आईला फोनवर सांगितलं होतं, निम्मी स्पर्धा झाली, मी पुढं आहे. आता आमच्याकडं मतमोजणीच्या दिवशी निम्म्या पेट्या उघडल्यावर आपला माणूस पुढं असला की गुलाल उधळायची रीत आहे. उशीर केला तर आपल्यालाच खात्री नव्हती असं दिसतं. चुलते माजी सरपंच. त्यांनी शहागंजातून गुलालाचं पोतं उचललं, भावकी गाडीत भरली आणि पाचोडच्या चौकात फ्लेक्सही लावून टाकला. त्याचा फोटो मला तिथंच मोबाइलवर दाखवण्यात आला. वर ठळक अक्षरांत 'विजयी', मधोमध लग्नातल्या फेट्यातला मी, आणि गोल्फची काठी कशी असते हे फ्लेक्सवाल्याला ठाऊक नसल्यामुळं माझ्या हातात क्रिकेटची बॅट. शुभेच्छुक म्हणून चुलत्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता.

मी ओरडून सांगत होतो की अजून दोन दिवस बाकी आहेत. चुलते म्हणाले, "निम्म्याला पुढं हाईस ना? मग झालं की." आणि त्यांनी माझ्या दोन्ही कानांत गुलाल भरला. बॅगेची चेन उघडी होती. काठ्यांच्या मुठी, हातमोजे, चेंडू, सगळं गुलाबी झालं. मला इतका संताप आला की आणखी कुणी अभिनंदन केलं असतं तर मी रडलोच असतो.

अंगावर गुलाल नसलेला एकच माणूस तिथं होता, माझे वडील. ते पायरीवर बसले होते. मी शाळेत असताना ते पंचायत समितीला उभे राहिले होते. पैठणला मोजणी होती. निम्म्या मोजणीला पुढं होते, गुलाल उधळून झाला आणि शेवटच्या पेटीनं त्यांना पाडलं. तेव्हापासून घरात लग्न असलं तरी ते गुलालाला हात लावत नाहीत.

गर्दी पांगल्यावर त्यांनी बॅग नळाखाली नेली आणि खांद्यावरच्या टॉवेलानं एकेक मूठ पुसून काढली.

"शेवटची पेटी राह्यलीय आजून," ते मान वर न करता म्हणाले.

"दोन राहिल्यात."

"मग झोप."

शनिवारी मी गुलाबी कानांनी मैदानात उतरलो. माझ्यासोबत खेळणाऱ्यानं अदबीनं विचारलं, काही इन्फेक्शन वगैरे आहे का. भावकी हजर होतीच. फटका मारताना आवाज करायचा नाही, एवढं मी बजावलं होतं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की चांगल्या फटक्यालाही सगळे मयताला आल्यासारखे उभे. एका चुलतीनं तर त्या सोबतच्या खेळाडूला बोलावून भाकरी-ठेचा खाऊ घातला. माझ्या मनात भलतीच आशा पालवली, पण ठेचा खाऊन तो आणखीच चांगला खेळला. तरी संध्याकाळी फळ्यावर वरच्या ओळीत आम्ही दोघं बरोबरीनं होतो.

रविवारी शेवटच्या भोकापर्यंत मी त्या वरच्या ओळीतच होतो. मग मी चेंडू तळ्यात घातला आणि तिसरा आलो.

फटक्यांच्या हिशेबाच्या कार्डावर सही करून बाहेर येतो तो भावकी गायब. चुलत्यांना म्हणे पाचोडला अचानक काम निघालं. त्यांना दोष देत नाही. हरलेल्या मोजणीला आमच्याकडं कुणीच थांबत नाही.

फाटकाशी वडील तेवढे उभे होते. टॉवेल अजून गुलाबी होता.

"तुम्ही नाही गेलात?"

"मी पडलो तव्हा पैठणहून एकटाच घरी आल्तो," ते म्हणाले. "लई लांब वाटलं ते."

त्यांनी बॅग खांद्यावर घेतली, तीही उलटी, आणि सगळ्या काठ्या फाटकात सांडल्या. दोघांनी मिळून गोळा केल्या. स्कूटरवर ते मागं बसले आणि बॅग आमच्या दोघांच्या मध्ये. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "तिसरा म्हंजे डिपॉझिट जप्त का?"

मी सांगितलं, नाही, इथं तिसऱ्यालाही कप देतात आणि पुढच्या स्पर्धेला बोलावतात.

"पुन्हा उभं राहता येतं?"

"हो."

ते पुन्हा कधीच उभे राहिले नव्हते. बॅगेवरून हात घालून त्यांनी माझा खांदा घट्ट धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.